मच्छरदाणी खोचून गेलेला चोर

१

मल्लिकार्जुन हलकुडे यांच्या उशाखालचं पिस्तूल चोरीला गेलं, ही बातमी पसरली तेव्हा मंगळवार पेठेतल्या पुष्कळांना आधी बरंच वाटलं. म्हणजे ते खरोखरच होतं तर. इतके दिवस नुसतं ऐकत होते.

मागे दुधनीच्या बाजाराहून परतताना एका अडत्याला वाटेत लुटलं होतं. लुटला गेला तो दुसराच, पण घाबरले मल्लिकार्जुन. तेही भुसारमालाचे अडते, त्याच रस्त्यानं जाणारे. खटपटी करून त्यांनी परवाना मिळवला. परवान्यावर त्याला रिव्हॉल्वर म्हटलं होतं, पेठेत पिस्तूल म्हणत, आणि घरात त्याचं नावच घेत नसत. नुसतं 'ते' म्हणत, जुन्या बायका नवऱ्याला म्हणायच्या तसं. रात्री ते उशाखाली असे, झोपेतसुद्धा हाताला लागेल असं.

विमा कंपनीचे सर्व्हेअर वीरभद्रप्पा सकाळचा पेपर वाचत होते, तेव्हा साडूचा, मल्लिकार्जुनांचा, निरोप आला, असाल तसे या. वीरभद्रप्पांचा धंदा जळालेल्या गोदामांची राख उकरून आग कशी लागली ते ठरवण्याचा. सोलापुरातली सुताची गोदामं माल हलवून झाल्यावरच का पेटतात, या विषयात त्यांचा अधिकार मोठा होता. पिस्तुलाचा अनुभव काही नव्हता. पण नात्यात तपास करणारा माणूस तेवढाच, आणि दिवस आणीबाणीचे. चौकीत नेलेला माणूस परत कधी येणार, असं विचारायला गेलेल्यालाही बसवून घेत.

हलकुड्यांच्या पायरीवर खातूनबी बसली होती. ड्रायव्हर इसूफची बायको. इसूफला काल सकाळी मुनीम सिद्धारामनं परसातल्या गोदामात कोंडून बाहेरून कुलूप घातलं होतं, तेव्हापासून ती तिथंच होती. वीरभद्रप्पांना बघून ती उठून उभी राहिली. त्यांनी मान हलवली, जिचा काहीही अर्थ लावता यावा.

"काल सकाळी आमची ही, सुंदरा, अंथरूण आवरायला आली," मल्लिकार्जुन म्हणाले. "उशी उचलली तर खाली काही नाही. तिनं जी किंकाळी फोडली, अर्धी पेठ अंगणात."

"तुम्हाला काही कळलं नाही?"

"झोप. गाढ."

"चोर आला कुठनं?"

"दारातनं. दाराला कडी नसते."

"उशाखाली पिस्तूल, आणि दाराला कडी नाही?"

मल्लिकार्जुनांनी खिडकीबाहेर पाहिलं. "इसूफ ओसरीवर झोपतो. सिद्धाराम म्हणाला, दुसरं कोण असणार. आज दिवेलागणीपर्यंत बघतो, मग चौकीवर कळवतो. परवान्याचं हत्यार आहे, हरवलं म्हणून गप्प बसता येत नाही. अव्वा म्हणाली आधी साडूला बोलाव, आईचा शब्द म्हणून थांबलो. नाहीतर कालच त्याला त्यांच्या ताब्यात दिला असता."

"चोर हुशार दिसतो."

"हुशार म्हणजे काय. जाताना मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचून गेला. पायाशीसुद्धा."

वीरभद्रप्पांनी ओठापर्यंत नेलेली चहाची बशी खाली ठेवली. धंद्यापायी त्यांनी पुष्कळ चोर पाहिले होते. घरमालकाला डास चावू नयेत म्हणून काळजी घेणारा हा पहिलाच.

२

खरं तर तपास तिथंच घराकडे वळायला हवा होता. पण घरातल्या माणसांना प्रश्न विचारण्यापेक्षा नोकराची पेटी उघडणं सोपं असतं. वीरभद्रप्पा स्वतःला म्हणाले, हेही उरकून टाकावं, रीत म्हणून. आणि ते खातूनबीच्या मागोमाग गल्लीत शिरले.

तिनं त्यांना पेटीला हात लावू दिला नाही. स्वतःच एकेक वस्तू काढून उजेडात झटकून दाखवली. लग्नातला शालू, इसूफचा ईदेचा कुडता, कापडात गुंडाळलेला एक आरसा. दाराशी शेजारणी जमल्या होत्या.

"देख लेव, साब. अच्छा देख लेव. फिर दुबारा नको आव."

पेटी रिकामी झाली तेव्हा परत फिरता आलं असतं. पण कोपऱ्यात पिठाचा डबा होता, आणि इतक्या बायका बघत असताना तपास अर्धवट सोडणं बरं दिसेना. वीरभद्रप्पांनी बाही वर करून कोपरापर्यंत हात डब्यात घातला. डब्यात पीठ होतं.

हात धुवायला पाणी तिनंच घातलं. तेवढा वेळ दोघंही त्या हाताकडेच बघत होती.

परत आल्यावर ते गोदामाच्या खिडकीशी गेले. आत तुरीच्या पोत्यांवर इसूफ बसला होता.

"साहेब, मी त्या खोलीत पाऊल ठेवत न्हाय की. मालकांना उठवायचं असलं तर अंगणातनं हाक मारतो. तीबी भिंतीच्या आडून."

"भिंतीच्या आडून का?"

"जाग येती तवा आधी हात जातो त्यांचा उशाखाली. मग डोळं उघडतेत. एकदा दूधवाल्यानं दार वाजवलं, तर त्याच्यावर धरलं. त्यानं ह्या घराचं दूधच बंद केलं. लई भला माणूस होता."

"मग पहाटे खोलीत जातं कोण?"

इसूफनं मान खाली घातली. शर्टाला चिकटलेलं तुरीचं टरफल तो नखानं काढत राहिला.

"मी डायवर हाय साहेब. मला गाडीचं विचारा."

बाहेर पडायची ती एकच वाट होती, आणि माणूस ती सोडून टरफल काढत बसला होता.

३

मुनीम सिद्धारामची जबानी चटकन झाली. "माणूस डोळ्यावरनं कळतो साहेब," तो म्हणाला. इसूफच्या डोळ्यांत काय दिसलं, यावर तो म्हणाला की नीट पाहिलं नाही, कुलूप लावायची घाई होती.

सुंदरम्मा माजघरात शेंगा फोडत होती. वीरभद्रप्पा तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून ती त्यांना भावजी म्हणे आणि बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त खरं बोले.

"मी घेतलं असं म्हणायचंय का भावजी? घेतलं असतं तर पहिल्याच दिवशी घेतलं असतं. ते घरात आलं त्या दिवशी मी सांगितलं, ह्या खोलीत एक तर ते, नाहीतर मी."

"मग?"

"मग काय. मी इथं माजघरात झोपते." तिनं एक शेंग जरा जोरात फोडली. "सवत परवडली असती. निदान भांडता तरी आलं असतं."

"मल्लण्णा दाराला कडी का लावत नाहीत?"

"अव्वांमुळं. लेक झोपेत असतानाच त्या त्याच्या कपाळाला विभूती लावतात. पहाटे आंघोळ, लिंगपूजा, मग आधी लेकाचं कपाळ. तो पाळण्यात होता तेव्हापासनं चाललंय. कडी लावली तर त्याला उठवावं लागेल, आणि उठल्यावर लावलेली त्यांना चालत नाही."

वीरभद्रप्पांना सकाळपासून काहीतरी खटकत होतं, ते आता कळलं. घरात सगळ्यांच्या कपाळावर विभूतीचे पट्टे होते, सिद्धारामच्यासुद्धा. मल्लिकार्जुनांचं कपाळ तेवढं कोरं होतं. त्यांना वाटलं होतं, गडबडीत राहिलं असेल.

"आज विसरल्या वाटतं अव्वा."

"आज नाही आणि काल पण नाही." सुंदरम्मानं आवाज खाली आणला. "भावजी, एक सांगू? काल रात्री मी त्यांना म्हटलं, पिस्तूल घेऊन चोर कुठं बसलाय ठाव नाही, आज तरी कडी लावा. तर म्हणाले, कोंदट होतं. ह्या थंडीत. मी उठून बघितलं, दार सताड उघडं होतं."

४

जेवायला वीरभद्रप्पांनी मुद्दामच स्वयंपाकघरात पाट मांडून घेतला. चुलीशी मल्लिकार्जुनांच्या आई, चंद्रव्वा, होत्या. पाठ वाकलेली, पण भाकरी थापताना हात अजून नेमका पडत होता.

"अव्वा, कडक भाकरी काढा की. शेंगाचटणीबरोबर."

सुंदरम्मा फळीवरची दुरडी काढायला उठली.

"बस तू," चंद्रव्वा म्हणाल्या. "त्या संपल्या. गरम खा बाबा."

दुरडी वर फडक्याखाली फुगलेली दिसत होती. वीरभद्रप्पांनी गरम भाकरी मुकाट्यानं खाल्ली. सुंदरम्मा ताट घेऊन मोरीकडे गेली, तेव्हा ते हळूच म्हणाले,

"मच्छरदाणी तुम्हीच खोचता ना, अव्वा?"

"डास लई झालेत की. त्याला मागं हिवताप झाला होता." बोलून झाल्यावर त्यांचा हात भाकरीवर थांबला.

राखेपुढं बसायची सवय असलेल्या माणसाला थांबता येतं.

"विभूती लावायला मच्छरदाणी उचलली," चंद्रव्वा म्हणाल्या. "तर 'यारु?' म्हणून ओरडला, कोण म्हणून. झोपेत त्याला कानडीच येतं. मी म्हटलं, 'नानु, अव्वा.' मीच, तुझी आई. पण ते माझ्या छातीशी धरलेलं. मग मी काढून घेतलं हातातनं. लहानपणी विळी घ्यायचा, ती काढून घ्यायची की नाही? तसंच." तव्यावरची भाकरी करपत होती, ती त्यांनी उलटली नाही. "तो झोपेतच होता. त्याला काही ठाव नाही. तू सांगू नको."

"आणि इसूफ?"

"काल सकाळीच सांगायला उठले होते. अंगणात येवढी माणसं. त्यांच्यासमोर लेकाचं काय सांगू? म्हणून म्हटलं तुला बोलाव. तू काहीतरी लिहून देशील, चोर सापडत नाही म्हणून. तुमच्या कंपनीत देतात म्हणे तसं."

वीरभद्रप्पांना कंपनीची बाजू मांडावीशी वाटली, पण मांडण्यासारखं काही सुचलं नाही.

"मीच घेतलं म्हणून सांगते," चंद्रव्वा म्हणाल्या. "म्हातारीला भ्या वाटलं, म्हणून उचलून ठेवलं. येवढंच. माझ्यावर धरलं होतं ते नको."

ही तोड वाईट नव्हती. इसूफ सुटला असता, लेकाची लाज राहिली असती, आणि म्हातारीला कुणी काही म्हटलं नसतं. वीरभद्रप्पा खुशीतच उठले. त्यांनी दुरडी खाली घेतली, फडकं बाजूला केलं, वरच्या भाकऱ्या उचलल्या.

आणि हात तसाच मागे घेतला.

पिस्तुलाचा घोडा मागे ओढलेला होता. गोळी सुटायला चापावर बोट टेकण्याचा अवकाश. काल पहाटेपासून ते तसंच कडक भाकऱ्यांत पडून होतं, फळीवर, चुलीच्या वर.

५

ते उतरवायचं कसं, हे त्या घरात एकाच माणसाला माहीत होतं. वीरभद्रप्पांनी सुंदरम्माला बाहेर थांबायला सांगितलं आणि मल्लिकार्जुनांना आत बोलावलं.

मल्लिकार्जुन आले आणि त्यांनी दुरडीत पाहिलं. पिस्तूल उचलून त्यांनी नळी भिंतीकडे केली, अंगठ्यानं घोडा धरून हळूहळू खाली आणला. मग गोळ्या काढून पाटावर ठेवल्या.

घोडा आपोआप मागे जात नाही, हे तिघांनाही कळत होतं.

"अव्वांना भीती वाटली म्हणून त्यांनी उचलून ठेवलं," वीरभद्रप्पा म्हणाले. ठरलं होतं तेवढं त्यांनी पार पाडलं.

मल्लिकार्जुनांनी मान हलवली. आणि त्या मान हलवण्यानंच सगळं बिघडलं. चोरीला गेलेली वस्तू आपल्याच स्वयंपाकघरात, भाकऱ्यांच्या दुरडीत निघाली, तर कुठलाही माणूस आधी विचारील, ही इथं कशी आली? मल्लिकार्जुनांनी काहीच विचारलं नव्हतं.

"मल्लण्णा, काल रात्री कडी का लावली नाहीत?"

"कोंदट होतं."

"दुसरा कुणी लुटला गेला तर तुम्ही पिस्तूल घेतलंत. आणि स्वतःचं पिस्तूल चोराच्या हाती असताना दार उघडं टाकून झोपलात?"

"इसूफ कोंडलेला होता की."

"इसूफ कोंडलेला होता. पिस्तूल नव्हतं. ते बाहेर कुणाच्या तरी हातात होतं, आणि त्याची तुम्हाला भीती वाटली नाही. म्हणजे ते कुणाकडं आहे ते ठाऊक होतं." वीरभद्रप्पा थांबले. एरवी अशा जागी त्यांना धंद्याचा थोडा अभिमान वाटायचा. आज वाटला नाही. "मच्छरदाणी पायाशीसुद्धा खोचली, हे मला तुम्हीच सांगितलंत. गाढ झोपेत होता म्हणता. सकाळी उठून कुणी आपली मच्छरदाणी पायाशी तपासत नाही."

मल्लिकार्जुन गोळ्यांकडे बघून बोलू लागले.

"'नानु, अव्वा' म्हणाली तेव्हाच जाग आली. आवाज ओळखला. पण हात खाली येईना. तो माझा नव्हताच जसा. तिनं एकेक बोट सोडवलं. मग मी डोळे मिटून घेतले. तिला वाटावं, हा झोपेतच होता." ते थांबले. "मग ती खोचत गेली. उशाशी, भिंतीकडनं वाकून, मग पायाशी. माझा पाय बाहेर आला होता. तो तिनं आत सारला."

चंद्रव्वा चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"जागा होतास?" त्यांनी विचारलं. मागे वळल्या नाहीत.

तव्यावर करपलेल्या भाकरीचा वास तेवढा पसरला.

"इसूफचं नाव मी घेतलं नाही," मल्लिकार्जुन वीरभद्रप्पांना म्हणाले. "सिद्धारामनं घेतलं."

"तुम्ही नाही म्हणालात?"

"नाही."

"नाही म्हणालात, का नाही म्हणाला नाहीत?"

"म्हणालो नाही. नाही म्हटलं की विचारणार, मग कुणी." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "वाटलं, अव्वाच आणून ठेवील. रात्री दार उघडं ठेवलं. पहाटे पावलं ऐकू आली. उंबऱ्यापर्यंत आली आणि परत गेली."

"भ्या वाटलं," चंद्रव्वा म्हणाल्या.

पिस्तूल तर तुमच्याकडं होतं, असं वीरभद्रप्पांच्या तोंडावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. म्हातारीला पिस्तुलाची भीती वाटली नव्हती, हे समजायला सर्व्हेअर असावं लागत नव्हतं.

६

गोदामाचं कुलूप मल्लिकार्जुनांनी स्वतः काढलं. सिद्धाराम किल्ली देऊन जो दुकानात शिरला, तो बाहेर आला नाही.

इसूफ दारात येऊन उभा राहिला. खातूनबी पायरीवरून धावत आली आणि चार हातांवर थबकली, मालक मध्ये होते म्हणून.

"सापडलं," मल्लिकार्जुन म्हणाले.

"कुटं गावलं?"

"घरातच."

"बरं झालं." इसूफनं डोळ्यांवर हात धरून अंगणभर नजर फिरवली. "मला आत घातला तवा सारी पेठ हितं हुती, मालक. आज कुणी न्हाय."

हे मागणं होतं की नुसतं सांगणं, ते मल्लिकार्जुनांना कळलं नसावं. त्यांनी पिस्तूल टॉवेलात गुंडाळून काखेत धरलं. "मोटार काढ. आत्ताच चौकीवर जाऊन जमा करू. परवाना पण परत करतो. घरात नको आता हे."

इसूफनं खिशातनं मोटारीची किल्ली काढली आणि मालकांच्या हातावर ठेवली.

"मी न्हाय येणार. तुमच्यासंगं पिस्तूल घेऊन चौकीच्या दारात उतरलो, तर लोक म्हणतील, मुद्देमालासकट धरला."

मल्लिकार्जुनांना मोटार चालवता येत नव्हती. वीरभद्रप्पा म्हणाले, टांगा बोलावतो. मल्लिकार्जुनांनी किल्ली खिशात टाकली. मग त्यांनी पायांत चपला सरकवल्या आणि चालायला लागले. त्यांच्या मागे वीरभद्रप्पा. आणि वीरभद्रप्पांच्या मागे डोक्यावरून पदर घेतलेल्या चंद्रव्वा, ज्यांना कुणी या म्हटलं नव्हतं.

बाजाराची वेळ होती. सगळी दुकानं उघडी होती.

"गावलं का अण्णा?" कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मायाक्कानं विचारलं.

"सापडलं."

"डायवरकडंच ना?"

"नाही," मल्लिकार्जुन म्हणाले आणि पाय उचलला. मायाक्का शेजारणीकडे वळली. नाहीच्या मागे काय असेल ते दोघी मिळून ठरवणार होत्या, आणि त्यात इसूफ असणारच होता.

रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं इसूफ आणि खातूनबी घराकडे चालली होती. वाटेतल्या बायका त्यांना जायला जागा करून देत होत्या, जरा जास्तच.

शरणप्पा आपल्या दुकानात कुणासाठी तरी तूर तोलत होता. टॉवेलाचा आकार बघून त्यानं ओळखलं.

"मिळालं? वा. मी काल म्हटलंच होतं सगळ्यांना, नोकराला ओसरीवर झोपवणं म्हणजे..."

मल्लिकार्जुन थांबले. वीरभद्रप्पांना वाटलं, आता घरातच होतं म्हणतील. चंद्रव्वांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या चटकन पुढं आल्या आणि त्यांनी तोंड उघडलं. मल्लिकार्जुनांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"चोरी झालीच नव्हती," ते म्हणाले. मग परत म्हणाले, पलीकडच्या फुटपाथपर्यंत जाईल असं. "अव्वा मला विभूती लावायला आली होती. मी तिच्यावर पिस्तूल धरलं. घोडा ओढून. तिनं काढून घेतलं. मी जागा होतो आणि झोपेचं सोंग घेऊन पडलो. इसूफला काही माहीत नव्हतं. मला सगळं माहीत होतं, आणि त्याला कोंडला तेव्हा मी गप्प बसलो."

पलीकडे खातूनबीनं इसूफचा दंड धरून त्याला थांबवलं. इसूफनं ऐकलं. मालकांकडे काही पाहिलं नाही, पण गल्लीत वळण्याऐवजी तो होता तिथंच, लोकांच्या मधोमध, उभा राहिला.

शरणप्पानं तोलून पिशवीत भरलेली तूर परत पारड्यात ओतली आणि पहिल्यापासून तोलायला घेतली.

वीरभद्रप्पांनी पिठाच्या डब्यात घातलेल्या आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि तो खिशात घातला. रस्ता ओलांडून पलीकडे जावं, असं त्यांना वाटलं. नुसतं वाटलं. पाय साडूच्या मागेच पडत राहिले.

पुढच्या दुकानातला माणूस गल्ल्यावरून उठून पायरीवर येऊन उभा होता.

"काय अण्णा," त्यानं विचारलं, "लागला का पत्ता?"

मल्लिकार्जुनांनी टॉवेल या काखेतून त्या काखेत घेतला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. चौकी अजून लांब होती, आणि वाटेत सगळी ओळखीचीच दुकानं.